हळदीखालचा नंबर

आत्या, तुमचा कागद मी भिंतीवरून काढला. आधी हेच सांगते, दुसऱ्या कुणाकडून तुमाला कळायला नको. देवाच्या फोटोशेजारी तो टांगलेला व्हता तिथं आता नुसती चौकोनी जागा राहिली हाय, बाकी भिंत चुलीच्या धुरानं काळी झाली आन् तेवढीच जागा तुमी सारवली तवाची तशीच हाय. सकाळी उठलं की माझी नजर आधी तिथंच जाती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी गेल्या, त्याला आज दीड महिना झाला. मी टँकरवर व्हते. टँकर आला म्हणून दोन हंडे आन् कळशी घेऊन पळाले, तुमी बाजेवर व्हत्या, छातीत कसंतरी व्हतंय म्हणल्या, मी म्हणलं आल्यावर ओवा देते, आन् तिथं नळीवरून बायांची भांडणं लागली, माझा नंबर मागं गेला आन् मी भांडत बसले. एका हंड्यासाठी भांडत बसले मी, आत्या. आले तवा दुर्गा तुमच्या पायापाशी बसून पाटीवर लिहीत व्हती, म्हणली आजी झोपली. आजीनं पाणी मागितलं व्हतं का, हे मी तिला अजून इचारलेलं न्हाई. मला भ्या वाटतं ती काय सांगंल त्याचं.

रडायला येळ मिळाला न्हाई म्हणलं तर लोक हसतील, पण खरं हाय. तुमाला पोचवून आलो आन् तिसऱ्याच दिवशी मुकादम दारात. बोलला चांगलंच, म्हातारी लई मेहनतीची व्हती म्हणला, आन् मग जाता जाता म्हणला, औंदा दिवाळीला थांबायचं न्हाई, दसरा झाला की पाचव्या दिवशी गाडी लागंल, इकडं दुष्काळानं ऊसच न्हाई, पार कर्नाटकात जायचं हाय, जोडीचं नाव लिहिलेलं हाय ध्यानात ठेवा. जोडी म्हणजे मी आन् दुर्गाचे पप्पा, तुमचा बाळू. आन् पोरीचं काय, हे त्यानं इचारलं न्हाई, कारण सहा वर्षं झाली, पोरीचं काय हे कुणाला इचारावंच लागलं न्हाई. तुमी व्हत्या.

दुर्गा झाली आन् तुमी कोयता खाली ठेवला. तीस वर्षं दुसऱ्याचा ऊस तोडलेली बाई, एका दिवसात म्हणली की आता मी न्हाई येत, मी हिला सांभाळते, तुमी जा. सहा-सहा महिने आमी तिकडं फडात आन् इकडं तुमी तिला न्हाऊ घालायच्या, शेजारच्याच्या फोनवरून तिचं बोबडं बोलणं मला ऐकवायच्या. औंदा ती पहिलीत गेली. बाराखडी येती तिला. आन् मला रात्रंदिस एकच दिसत व्हतं की हिला संगं न्यावं लागणार. फडाजवळच्या झोपडीत, कोपीत ठेवणार. पहाटं चारला आमी फडात जाणार आन् ती थंडीत पाचटावर झोपणार, ट्रॅक्टर मागं-पुढं व्हत राहणार. मी सातवीत व्हते तवा माझ्या आईबापानं मला एकच वर्ष संगं नेलं, धाकट्या भावाला सांभाळायला, फक्त एक वर्ष म्हणले, आन् परत मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई. तुमाला हे ठाव व्हतं. एकदा लेकरू फडात गेलं की त्याच्या हातात कोयता कवा येतो ते आईलाबी कळत न्हाई.

तेराव्याला मामा आलते, मामीबी आलत्या. तुमचा भाऊ लई रडला, आत्या. तुमच्या बाजेवर हात ठेवून बसला व्हता, कुणी बोललं तरी ऐकू येत नव्हतं त्याला. जेवणं झाल्यावर मामीनं दुर्गाला मांडीवर घेतलं आन् म्हणल्या, हिला आमच्याकडं ठेवा सहा महिने, तलवाड्याच्या शाळंत घालू, घरचं दूध हाय, तुमी निवांत जा. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाया पडले. मग मामा दुर्गाच्या पप्पाला म्हणले, बाळू, दसऱ्यानंतर एकदा येऊन जा, वारसाचं काम हाय, एक सही लागंल तुझी. हे म्हणले येतो की मामा. कसली सही ते ह्यांनी इचारलं न्हाई. मीबी न्हाई. पण ते लोक गेले आन् दुर्गानं माझा पदर धरून इचारलं की मम्मी, मामीआजीकडं मला रात्री कोण थोपटणार, आन् माझं हलकं झालेलं पुन्हा जड झालं.

तवाच माझी नजर तुमच्या कागदावर गेली.

तुमच्या कागदावरनं आमी तुमाला लई हसलो. मी लग्न होऊन आले तवा पहिल्याच हंगामात कोपीतल्या बाया तुमाला चेअरमनबाई म्हणायच्या. कारखान्याचा स्लिप बॉय ओरडला, मोळी ढिली बांधली म्हणला, आन् तुमी कमरेवर हात ठेवून त्याला म्हणलं व्हतं, नीट बोल, माझाबी एक कारखाना हाय. समदा फड हसला. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. पण खोटं कुठं व्हतं, मामाकडच्या साखर कारखान्याचा शेअर तुमच्या नावावर व्हता, त्याचा तो कागद, निळ्या वेलबुट्टीचा, खाली चेअरमनची सही आन् गोल शिक्का. तुमाला वाचता येत नव्हतं पण कुठं काय लिहिलंय ते बोट ठेवून सांगायच्या. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला काचेतून काढून पाटावर मांडायच्या, एका बाजूला नवी केरसुणी, एका बाजूला कागद, आन् त्याला हळद-कुंकू लावायच्या. आमी कारखान्यावर पाय ठेवला न्हाई कवा, पण मामा दर साली दिवाळीच्या आधी साखरंची पिशवी घेऊन यायचे, सभासदाची साखर. तुमी पिशवी उचलून वजन बघायच्या आन् म्हणायच्या, आली माझ्या कारखान्याची साखर.

मी दुर्गाच्या पप्पाला म्हणलं, ह्या कागदाचं काय येतंय ते बघू का. जरा बरं आलं तर मी औंदा घरी राहते, पोरगी आपल्याच घरी राहील. ते म्हणले, त्या कागदाला वास लागलाय हळदीचा, त्याचं काय येणार, आन् आईची वस्तू इकायला निघालीस व्हय. मी म्हणलं इकत न्हाई, इचारते. तीन दिवस आमी बोललो न्हाई. चौथ्या दिवशी त्यांनीच काच काढून कागद माझ्या हातात दिला, म्हणले, जा, तुझं तुला कळू दे.

आत्या, मला हापिसात जायला किती भ्या वाटतं तुमाला ठाव हाय. दुर्गाचा जन्मदाखला काढायला तुमीच माझ्या पुढं चालत गेलत्या. दुर्गाला घेतलं, कागद तुमच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळला आन् दोन एसट्या बदलून गेले. कारखान्याच्या गेटपाशी एक माणूस नव्हता. चिमणीला धूर न्हाई. दुष्काळानं ऊसच न्हाई तर गाळप कशाचं करणार, वॉचमन म्हणला, फक्त हापीस चालू हाय. मला वाटलं माघारी फिरावं. दुर्गा म्हणली, हा आजीचा कारखाना हाय का, लई मोठा हाय गं. मग मी आत गेले.

शेअर खात्यात एक वयस्कर शेखसायब व्हते. कागद टेबलावर ठेवला तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेअरचा नंबर आन् सभासदाचं नाव-गाव कागदाच्या वरच्या अंगाला, बरोबर मधे असतं. आन् तुमी तिथंच लावायच्या हळद-कुंकू. कागदाचं कपाळ समजून. इतक्या दिवाळ्यांचं हळद-कुंकू एकाच जागी, एकावर एक, पार पापुद्रा धरलेला. त्यांनी नखानं जरा खरवडलं तर कागदच निघाया लागला. मग हात मागं घेतला त्यांनी, आन् म्हणले, "बाई, मी पंचवीस वर्षं ह्या खात्यात हाय. उंदरानं खाल्लेला कागद बघितला, पावसात भिजलेला बघितला. पूजा केलेला पहिल्यांदा बघतोय."

मी रडकुंडीला आले, मला वाटलं कागद बाद झाला. ते म्हणले रडू नका, कागद गेला तरी रजिस्टर कुठं जातंय, नाव सांगा. मी तुमचं नाव सांगितलं, कौसाबाई, आन् आपलं गाव. त्यांनी शोधलं, न्हाई. दुसरं रजिस्टर काढलं, न्हाई. आमच्या कारखान्यात तुमच्या त्या भागातला एकबी सभासद न्हाई म्हणले, दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा असंल. मी उठलेच व्हते. मग माझ्या ध्यानात आलं की साखर मामा आणायचे, म्हणजे शेअर माहेरकडनं असंल, म्हणून मी तुमच्या माहेरचं गाव आन् तुमच्या वडलांचं नाव सांगितलं. ते लगेच सापडलं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण त्या रजिस्टरात तुमी अजून बापाच्या नावानंच व्हत्या.

त्यांनी आधी शेअरची किंमत सांगितली. ती मी तुमाला सांगत न्हाई. कागदावर जेवढी छापली व्हती तेवढीच, तीस वर्षांमागची. त्यात आमची दोन एसट्यांची तिकिटं आन् दुर्गाचा वडापाव निघाला असता, वर थोडं राहिलं असतं. माझं तोंड उतरलं ते त्यांना दिसलं असंल. ते उगं चाळवाचाळव करत बसले आन् मग बोट ठेवून म्हणले, "ऊस उत्पादक सभासद. वीस गुंठे. हे रान कोण करतंय सध्या?"

मी म्हणलं सायब, चुकलं असंल कायतरी, आमच्या आत्याला कुठलं रान, त्या तर दुसऱ्याचा ऊस तोडत व्हत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले बाई, ज्याच्या नावावर ऊसाचं रान न्हाई त्याला आमी असला सभासद करत न्हाई, सातबारा बघितल्याशिवाय नोंद व्हत न्हाई, हा बघा गट नंबर. मग त्यांनी एका चिठ्ठीवर गट नंबर लिहून दिला. पुढं म्हणले, "कागदाची किंमत मला नका इचारू. ही चिठ्ठी घेऊन सातबारा काढा."

सातबारा मी शिरूरला कॉम्प्युटरच्या दुकानात काढला. पोराला म्हणलं वाचू नको, दे इकडं, मी वाचते. सातवीपर्यंत शिकले ते तिथं कामाला आलं. वर मामाचं नाव. खाली तुमचं. कौसाबाई, आन् पुढं वीस गुंठे. तुमच्या बापाच्या रानात, कालव्याच्या खाली.

दुकानाच्या बाहेर पायरीवर बसले मी. दुर्गा म्हणली मम्मी काय झालं, मी म्हणलं काय न्हाई, चक्कर आली. चक्कर न्हाई आत्या. मला आपलं भांडण आठवलं.

दोन वर्षांमागं माझे भाऊ गाडी घेऊन आलते. ताई, एक सही करायची हाय म्हणले, वारसातनं नाव कमी करायचं, हक्कसोड, समद्या बहिणी देतात. मी गेले. हॉटेलात भजी खाल्ली, सही केली, अंगठाबी लावला, आन् संध्याकाळी नवी साडी घेऊन घरी आले, खुशीत आले मी. तुमी भाकरी थापत व्हत्या. मी साडी दाखवली. तुमी इचारलं कशाची, मी सांगितलं, आन् तुमचा हात थांबला. कावून दिलीस सही, म्हणल्या. एवढंच. मग आठ दिवस तुमी माझ्याशी बोलल्या न्हाई. वाढायच्या, दुर्गाला घ्यायच्या, पण माझ्याशी एक शब्द न्हाई. नवव्या दिवशी मला सहन झालं न्हाई आन् मी बोलून गेले, की तुमचा डोळा व्हता का माझ्या बापाच्या रानावर. तुमी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारताल. तुमी म्हणल्या, "मंगले, साडी फाटंल," आन् शेण गोळा करायला निघून गेल्या.

मी तवापासून मनात धरून बसले व्हते की म्हातारी लोभी हाय. तुमच्या पाया पडायची, तुमचं डोकं चोळायची, पण मनात ते व्हतंच. आन् तुमचं रान तुमी तीस वर्षं सोडलेलं नव्हतं. सांगितलं का न्हाई मला. एकदा खाली बसवून सांगितलं असतं की मंगल, मी माझं नाव ठेवलंय, तूबी ठेव. का मला सांगून उपयोग न्हाई असं वाटलं तुमाला. तवा सही झालेली व्हती, म्हणून गप्प बसल्या का. हे मी रोज इचारते, भाकरी थापताना, चुलीपाशी.

घरी येऊन दुर्गाच्या पप्पाला सातबारा दाखवला. त्यांनी लई येळ हातात धरला आन् मग घडी घालून खिशात ठेवला. म्हणले, आता कळलं मामाला कसली सही पाहिजे. मी म्हणलं मग. ते म्हणले मग काय, मामानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, बाप मेला तवा पोत्यानं ज्वारी धाडली, त्याला न्हाई म्हणू व्हय मी. आन् पोरगी ठेवून घेतो म्हणतोय. सही केली की पोरीची सोय व्हती, तुला तेच पाहिजे व्हतं ना. त्यांचं काही खोटं नव्हतं. तुमचा मुलगा वाईट न्हाई, त्याला कुणाला दुखवता येत न्हाई, तुमच्यावर गेला न्हाई तो. मी म्हणलं, करा सही. पण आधी मामाला एक इचारा, आत्यानं कावून केली न्हाई. त्यांना बहिणीची सही मागायला तीस वर्षं व्हती.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आमी तिघं तलवाड्याला गेलो. दोन दिवसांनी गाडी लागणार व्हती. मामाचं रान बघितलं आत्या, कालवा कोरडा, ऊसाचे बुडखे नुसते जळून गेलेले, बाजरी तेवढी हाताला लागली व्हती, खळ्यावर कणसं पडली व्हती. मामा वाळलेत. आमाला बघून हसले, पण कागद आधीच काढून ठेवले व्हते, उशाखाली, पेनासकट.

चहा झाला. दुर्गाच्या पप्पानं पेन हातात घेतलं आन् इचारलं, मान खाली घालूनच इचारलं, मामा, आई सही कावून देत नव्हती. मला वाटलं मामा चिडतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगाया लागले, की त्या काळात कारखाना एका खातेदाराला एकच शेअर द्यायचा, आन् ऊस सभासदाचाच आधी तोडायचे. वडील वारले तवा बहिणीचं नाव वारसात आपोआप लागलेलं, तर मी तिच्या नावानं दुसरा शेअर घेतला, आपला समदा ऊस येळेवर जायला लागला. म्हणून मग नाव काढून चालत नव्हतं. पुढं ते शेअरचं महत्त्व राहिलं न्हाई, तर मी तिला तीनदा म्हणलो, कौसा, आता सही दे. दोनदा तिनं चहा टाकला आन् म्हशीचं बोलत बसली. मामा हसले तिथं, आत्या, हसताना डोळे पुसले त्यांनी.

मग म्हणले, "तिसऱ्यांदा औंदा राखीला म्हणलो. तर ती म्हणली, भाऊ, माझ्या नावावर तू तीस वर्षं ऊस घातला, मी कधी एक कांडं मागितलं का. मी हाय तवर नाव राहू दे. मी गेल्यावर माझ्या सुनंला इचार. बाळूला नको, तो तुझं ऐकतो. मंगलला इचार."

मला काही दिसंना झालं. राखीला. म्हणजे तुमी जायच्या पंधरा दिवस आधी. माझ्याशी काही बोलल्या न्हाई तुमी, राखीहून आल्या, पेढे दिले, दुर्गाला फुगा दिला, टँकर आलता का इचारलं. एवढंच.

मामी सैपाकघराच्या दारात उभ्या व्हत्या. तिथनंच म्हणल्या, सुनंला काय इचारायचं, वारस बाळू हाय, आन् पोरीला सहा महिने आमीच सांभाळणार हावोत ना. लई गोड आवाजात म्हणल्या. मामानं त्यांच्याकडं बघितलं न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "ती बोलून गेली म्हणून इचारतो, मंगल. सांग."

आत्या, माझ्या बापाच्या रानाचं मला कुणी इचारलं नव्हतं. मला सांगितलं व्हतं, इथं कर, इथं अंगठा लाव. जिंदगीत पहिल्यांदा कुणी म्हणलं सांग. मला वाटलं न्हाई म्हणलं तर हे घर तुटंल, दुर्गाच्या पप्पाला खाली बघावं लागंल, पोरीला ठेवायला जागा राहायची न्हाई, परवा गाडी हाय. समदं एका दमात डोक्यात आलं. दुर्गा माझ्या मांडीवर व्हती, मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणली मम्मी दुखतंय.

मी म्हणलं, "न्हाई."

मग पुढंबी मलाच बोलावं लागलं. मी म्हणलं मामा, रान तुमीच करा, आमी कुठं करणार, पण आमचं अर्धं द्या, अर्धलीनं करतात तसं. जे पिकंल त्यातलं अर्धं. न्हाई पिकलं तर न्हाई. आन् पोरगी मी सांभाळते, मी औंदा जात न्हाई. हे शेवटचं मी दुर्गाच्या पप्पाला न इचारताच बोलले. त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती. पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला तेवढा ऐकला.

मामा उठले, खळ्याकडं निघाले. मी म्हणलं झालं, गेले रागानं. मी पिशवी उचलली. तर ते दारातनं परत वळले आन् म्हणले, "बाळू, इकडं ये. दोन पोती बाजरी काढून ठेव तुमची. आन् मंगल, कालव्याला पाणी सुटलं तर तुझ्या तुकड्यात हरभरा करायचा का ज्वारी, ते इचार करून सांग."

तुझ्या तुकड्यात म्हणले ते. मी ज्वारी म्हणलं. एसटीत बसल्यावर वाटलं हरभरा म्हणायला पाहिजे व्हतं, पाणी कमी लागलं असतं. तुमी असत्या तर बरोबर सांगितलं असतं.

मामी तवापासून बोलत न्हाईत. फोन केला तर उचलत न्हाईत. हे मला लागतं आत्या, खोटं कावून बोलू. तुमी तीस वर्षं नावबी ठेवलं आन् माहेरबी ठेवलं, ते तुमाला जमलं, मला कसं जमणार ते माहीत न्हाई. माझं तर तिकडचं नाव गेलंच. पण मी दिवाळीला तलवाड्याला जाणार हाय. मामीनं दार लावलं तरी ओट्यावर बसणार हाय, तुमच्या भावाला ओवाळून येणार हाय.

काल गाडी गेली. दुर्गाचे पप्पा एकटेच गेले, मुकादमानं जोडी खोडून अर्धा कोयता लिहिलं, चार शब्द बोलला मला, बायकोला घरी बसवून कुणाचं भलं झालं म्हणला. ह्यांनी माझं गाठोडं मागं ठेवलं आन् स्वतःचं वर टाकलं. ट्रकच्या फाळक्यावरनं दुर्गाला म्हणले, आजीसारखं नीट राहायचं. आन् माझ्याकडं बघून म्हणले, जातो. राग न्हाई आत्या त्यांच्या मनात, मला कळतं. एकट्यानं मोळी उचलताना त्यांच्या कमरेचं काय व्हईल हाच घोर लागलाय मला. बाजरी कुठवर पुरंल, तेबी माहीत न्हाई. मध्ये दुर्गाला ताप आला तर कुणाला उठवू. मला समद्याचं भ्या वाटतंय, रिकाम्या गल्लीचंबी वाटतंय. एवढी घरं, समद्यांना कुलपं. पण तुमी सहा वर्षं ह्याच कुलपांमधे राहिल्या आन् मला कवा बोलल्या न्हाई की मंगले, मला भ्या वाटतं.

तुमचा कागद मी इकला न्हाई. शेखसायबांनी वारस लावायचे फॉर्म दिलेत, त्यावर तुझंच नाव घाल, असं हे जाताना मला म्हणले. तवर कागद पेटीत ठेवलाय, तुमच्या पातळात. तुमच्यापुढं मी चुकले व्हते, ते तोंडानं म्हणायचं राहून गेलं. चुकले मी, आत्या. माझ्या नावाची तुमाला फिकीर व्हती, मला साडी दिसत व्हती.

आज सकाळी दुर्गाची येणी घातली, तुमच्यासारखी घट्ट येत न्हाई मला, आन् शाळंत सोडून आले. वर्ग रिकामा व्हता. बत्तीस पोरं व्हती, काल रातच्याला दुर्गा सोडून समदी गेली आईबापासंग. मी खिडकीपाशी उभी राहिले, गुरुजी हजेरी घेत व्हते. एक नाव घ्यायचे आन् थांबायचे, कुणी बोलायचं न्हाई, ते खूण करायचे आन् दुसरं घ्यायचे. असं लई येळ चाललं. मग त्यांनी दुर्गाचं नाव घेतलं.

ती म्हणली, हजर.